डाव्या बॉक्सपुढची जागा

भोंगे, ॲम्प्लिफायर आणि स्पीकरचे बॉक्स भाड्यानं देणं हा माझा धंदा. सेलूत स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला दुकान आहे. लग्न, जयंती, सप्ताह, निवडणूक, सगळीकडं माझा माल जातो. तीस वर्षं या कामात गेली आणि तेवढ्यात एकाच गोष्टीचा गर्व झाला, तो म्हणजे माझ्या कानांचा. मंडपाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून मी सांगू शकतो की कोणत्या बॉक्सची वायर ढिली झालीय. बायको म्हणते, यांना माणसाचं सोडून सगळ्याचं ऐकू येतं. तिचं बोलणं मी हसण्यावारी न्यायचो. त्या सकाळपर्यंत.

आधी कॅसेटचं सांगतो, कारण सगळं तिथून सुरू झालं. धंद्याच्या सुरुवातीला हैदराबादहून एक जुना डेक आणला होता. त्यात एक कॅसेट अडकून आलेली. कव्हर नाही, नाव नाही. चालू केली तर आधी ढोल धडधडले, मग गिटार किंचाळली आणि मग कुणीतरी बाप्या इतक्या जोरात ओरडला की शेजारचा शिंपी कात्री घेऊनच बाहेर आला. मला मात्र खजिना सापडला. त्या ओरडण्याला जो बॉक्स फाटत नाही तो कुठल्याही वरातीत टिकतो. तेव्हापासून ते माझं टेस्टिंगचं गाणं झालं. कुठलाही माल बाहेर निघाला की आधी ते वाजणार. शब्द एक कळत नव्हता आणि त्यावाचून माझं काही अडलंही नाही.

माझी मुलगी त्या गाण्यावर मोठी झाली. शाळेतून आली की दुकानात बॉक्सवर बसून गृहपाठ करायची आणि ते ओरडणं आलं की मान वर न करता तीही बारीक आवाजात ओरडायची. कॉलेजात गेल्यावर तिनंच मोबाईलवर शोधून मला त्या मंडळींचे फोटो दाखवले. मी बघतच राहिलो. केस फुगवून खांद्याखाली सोडलेले, ओठांना लाली, डोळ्यांत काजळ, अंगाला चिकटलेल्या चकचकीत विजारी. "अप्पा, हेच तुमचे टेस्टिंगवाले," ती म्हणाली आणि पोट धरून हसली. मी म्हणालो, नटू दे बापड्यांना, ढोल तर खरा वाजवतात.

पुढं ती नर्स झाली आणि नोकरीला जर्मनीत गेली. दीड वर्ष झालं होतं. एक दिवस तिचा फोन आला.

"अप्पा, तुमचं टेस्टिंगचं गाणं इथं यायलंय. तेच लोक. म्हातारे झालेत पण अजून लाली लावतेत. मी तिकीट काढलं."

मला माझ्या धंद्याचंच सुचलं. तिकडचे बॉक्स कसले असतील, बेस किती खोल जात असेल. मी म्हणालो, रेकॉर्डिंग भरून पाठव. तिनं विचारलं, कुठं उभी राहू? आणि मी, कानांचा एवढा गर्व असलेला माणूस, तिला जागा सांगितली.

"स्टेजच्या डाव्या बॉक्सच्या पुढं. अगदी कठड्याला टेकून. म्हणजे हात हलत न्हाई. फोन छातीशी धर. आन् मधी बोलू नको, तुझा आवाज आला की रेकॉर्डिंग नासतं."

हे शेवटचं वाक्य मला अजून झोपेतून उठवतं.

तिकडं कार्यक्रम सुरू झाला तेव्हा आम्ही गाढ झोपेत होतो. सकाळी साडेपाचला उठलो तर व्हॉट्सॲपवर तिच्या सहा क्लिपा येऊन पडलेल्या. एकेक गाणं एकेका क्लिपमध्ये. बोटानं दाबून धरायचं, गाणं संपलं की बोट उचलायचं, की आपोआप निघून जातं, ही तिची पद्धत. बायको चहा करत होती. मी ओट्यावर बसून ऐकायला लागलो. पहिल्या पाच क्लिपा मस्त होत्या. काय तो बेस! आमच्याकडचे बॉक्स त्यापुढं डबडी. मी बायकोला दोनदा हाक मारून ऐकवलं. ती म्हणाली, पोरगी कुठं हाय यात? मी म्हणालो, ती बोलायली न्हाई, मीच नको म्हणालोय.

सहावी क्लिप चार मिनिटं बारा सेकंदांची. ते टेस्टिंगचं गाणं होतं. ढोल आले, गिटार आली. तीन मिनिटांनंतर लोकांचा गलका वाढत गेला, इतका की गाणं त्याखाली गेलं. मग एक आवाज आला. करकर. लोखंड किंवा लाकूड दाबलं गेल्यावर येतो तसा. मग काहीतरी मोठं आदळल्यासारखं झालं. मग फोनच्या अगदी जवळ बायका किंचाळल्या. त्या किंचाळण्यात गाणं नव्हतं. फोनवर काहीतरी घासलं आणि सगळं मध्येच तुटलं. ते शेवटचं ओरडणंसुद्धा पुरं झालं नाही.

माझ्या हातातला चहा थंड झाला.

ती करकर मला ओळखीची होती. वीसेक वर्षांपूर्वी बोरीच्या पुढं एका खेड्यात लग्नाला मी बॉक्स लावले होते. एकावर एक सहा. दोऱ्या मीच बांधल्या होत्या आणि घाईत बांधल्या होत्या. वरात आली, नाच सुरू झाला आणि खालचा बांबू करकरला. मी ऐकलं. पण मला वाटलं बैलगाडी असेल. पुढच्या क्षणी सहाही बॉक्स खाली आले. वरातीतल्या एका माणसाचा पाय त्याखाली गेला. तो माणूस आजही लंगडतो. जिंतूरच्या स्टँडवर दिसला की मी पेपर तोंडापुढं धरतो, एवढा मी शूर.

म्हणून ती करकर ऐकली आणि माझ्या डोळ्यांपुढं चित्रच उभं राहिलं. डावा बॉक्स. त्यापुढं कठडा. कठड्याला टेकून माझी मुलगी.

फोन लावला. बंद. मेसेज टाकला, एकच टिक. पुन्हा फोन, पुन्हा बंद. बायको आतून म्हणाली, "आवं झोपली असंल. तिकडं रात हाय आता." मी हूं म्हणालो. तिला सहावी क्लिप ऐकवली नाही. मला भीती वाटत होती आणि ती भीती तिच्या तोंडावर बघायचं धाडस माझ्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुलीची सुट्टी होती हेही मला माहीत होतं. म्हणजे दवाखान्यात कुणी तिची वाट बघणार नव्हतं. ती कुठं आहे हे विचारणारं त्या अख्ख्या शहरात कुणी नव्हतं. तिच्या खोलीत एक केरळची मुलगी राहायची. दीड वर्षात मला तिचा नंबर घ्यायचं सुचलं नव्हतं.

आठला दुकान उघडलं. शटर अर्धंच वर केलं. मोबाईल वायरनं मिक्सरला जोडला आणि सहावी क्लिप मोठ्या बॉक्सवर लावली. वाटलं, नीट ऐकलं तर कळेल की ती करकर बॉक्सची नाही, दुसऱ्या कशाची तरी आहे. एकदा ऐकली, पाचदा ऐकली, मग मोजायचं सोडलं. जितकी ऐकावी तितकी ती करकर मोठी होत गेली. मधूनमधून मोबाईलवर त्या शहराचं नाव टाकून बातमी शोधत होतो. तर तिथलं हवामान यायचं. आकाश निरभ्र आहे म्हणे. मला इतका राग आला की मोबाईल आपटणार होतो, पण त्यातच ती क्लिप होती.

तिला तिकडं पाठवणाऱ्या पुण्याच्या एजंटाला फोन केला. तो जांभई देत म्हणाला, "काका, तिकडं सकाळ तर होऊ द्या." त्याचं बरोबर होतं. तरी मी त्याला चार शिव्या मनातल्या मनात घातल्या.

मी न्याहारीला घरी आलो नाही म्हणून साडेदहाच्या सुमारास बायकोच दुकानात आली. ती दुकानात येत नाही. धूळ आणि वायरी तिला सोसत नाहीत. शटरखालून वाकून आत आली आणि माझ्याकडं बघत उभी राहिली.

"काय ऐकायलात?"

"काय न्हाई. टेस्टिंग."

"टेस्टिंगला रडतेत व्हय?"

मग मला सांगावंच लागलं. करकर सांगितली, बंद फोन सांगितला, डाव्या बॉक्सचं सांगितलं. ती जागा मीच सांगितली होती हेही सांगितलं. मला वाटलं ती मोठ्यानं रडेल, मला बोल लावेल. तिनं पदर खोचला आणि रिकाम्या बॉक्सवर बसली. तिथंच आमची मुलगी गृहपाठ करायची.

"लावा," ती म्हणाली.

मी लावली. ती अर्ध्या मिनिटातच हात वर करून म्हणाली, "ते धाड धाड काढा आधी. माणूस कुठं ऐकू यायलंय त्यात?"

मी बेस खाली घेतला. पार शून्यावर. ट्रेबल वाढवला. तीस वर्षांत मी त्या गाण्याचा बेस कधी काढला नव्हता. ढोल गेले. राहिलं ते पत्र्यासारखं पातळ झालेलं गाणं आणि त्याच्यावर, अगदी जवळून, एक बारीक आवाज. टक. टक टक. टक.

"ऐका," बायको म्हणाली. "पोरगी हाय ही."

मला कळायला वेळ लागला. आमच्यात मूल लहान असतानाच गुरू त्याच्या गळ्यात शिवाचं लहानसं लिंग बांधतात. चांदीच्या डबीत असतं, दोऱ्यात ओवलेलं, छातीवर. मुलीच्या डबीचं झाकण सैल होतं. ती चालली, वळली, वाकली की ते झाकण टकटक वाजायचं. जर्मनीला जायच्या आधी सोनाराकडून घट्ट करून घ्या म्हणून बायको महिनाभर माझ्यामागं लागली होती आणि मी आज-उद्या करत राहिलो. व्हिडिओ कॉलवरसुद्धा तो आवाज यायचा. फोन छातीशी आला की टकटक. मी दर वेळी वैतागायचो, ते आधी कपड्याआड घाल, बोलणं ऐकू येत न्हाई. आणि तोच आवाज सहाही क्लिपांत होता. माझी मुलगी एक शब्द बोलली नव्हती, पण प्रत्येक गाण्यात ती होती आणि मला ती ऐकू आली नव्हती.

पहिल्यापासून पुन्हा लावलं. पहिली क्लिप, टकटक. दुसरी, टकटक. तिसऱ्या गाण्यात तर ती नाचली असावी, झाकण एकसारखं वाजत होतं. बायको हसली. त्या दिवशीचं तेवढंच हसणं. चौथी, पाचवी. मग सहावी. तीन मिनिटं ती वाजत होती. गलका वाढला तशी जोरात वाजायला लागली. करकर आली. त्यानंतर एकदा टक झालं.

मग नाही.

किंचाळ्या होत्या, घासणं होतं, गाणं होतं. डबी नव्हती. शेवटची बारा-पंधरा सेकंदं डबीशिवायची होती. मी मागं नेऊन पुन्हा लावलं. ट्रेबल आणखी वाढवला. आवाज शिट्ट्या मारायला लागला, पण डबी वाजेना.

"गळ्यातलं गेलं तिच्या," बायको म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "जीव हाय तवर ती काढायची न्हाई. आंघोळीलासुदिक काढत न्हाई. झाकण उघडलं असंल. न्हाईतर..."

आमच्यात ते गळ्यातलं माणसाबरोबर मातीत जातं. मध्ये कुठं त्याची आणि माणसाची ताटातूट नसते. ते थांबलं याचा दुसरा काही अर्थ आम्हा दोघांना लावता येईना. झाकण सैल होतं ते माझ्यामुळं. जागा होती ती माझी.

बायकोनं आपली डबी बाहेर काढली, उघडली आणि लिंग डाव्या तळहातावर घेतलं. पूजेला बसतात तसं. ना आंघोळ दुसऱ्यांदा केलेली, ना कपाळाला भस्म, सभोवार वायरींचा पसारा. एरवी सोवळ्याचं केवढं करणारी बाई ती. तळहात छातीसमोर धरून डोळे लावून बसली. माझा हात आपोआप गळ्याकडं गेला. गळ्यात काही नव्हतं. माझी डबी घरी देव्हाऱ्यात खिळ्याला. खांबावर चढतो, वायरीत दोरा अडकतो, शॉक बसेल, अशी कारणं सांगून मी कित्येक वर्षांपूर्वी ती तिथं टांगली होती. तरी मी डावा तळहात तसाच रिकामा उघडून धरला. मला त्याची लाजही वाटली नाही.

"ते बंद करा," डोळे न उघडता ती म्हणाली. मी मिक्सर बंद केला. बाहेर एसटी जात होत्या, पाथरीचा जीपवाला गिऱ्हाइकांना हाका मारत होता. दुकानात मात्र आवाज नव्हता. मी दर पाच मिनिटांनी फोन लावत राहिलो आणि फोनमधली बाई परक्या भाषेत तेच तेच सांगत राहिली.

साडेबाराच्या सुमारास लांबलचक नंबरवरून फोन आला. मला उचलता येईना. खरंच येईना. बोट पडद्यावर नेलं आणि ते तिथंच राहिलं. वाटलं, उचलला नाही तोवर काही झालेलं नाही. बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"आई? मी हाय. मैत्रिणीच्या फोनवरून बोलायलेय. माझा फोन फुटला."

मी बॉक्सला धरून उभा होतो. मी किती वेळा "हॅलो, हॅलो" म्हणालो देव जाणे.

मग तिनं सांगितलं. शेवटच्या गाण्याला त्या गाणाऱ्या म्हाताऱ्यानं गळ्यातला रुमाल काढून डाव्या बाजूला फेकला. तो झेलायला मागून सगळे एकदम पुढं आले. बॉक्स पडला नव्हता. कठडा वाकला होता. ती करकर आणि ते आदळणं कठड्याचंच. तो माणसांच्या वजनानं आत दबला आणि त्यावर ती दाबली गेली. पाय जमिनीला लागत नव्हते. श्वास आत जात नव्हता. "आई, मला वाटलं झालं आता," ती म्हणाली. पलीकडून एका रखवालदारानं काखेत हात घालून तिला उचललं आणि कठड्यावरून ओढून घेतलं. रात्र दवाखान्यातच गेली, बरगडीला मुका मार आहे. फोन खाली पडला, त्यावरून माणसं गेली.

"डबी?" बायकोनं विचारलं. "डबी कुठं हाय तुझी?"

"गळ्यात हाय की."

"मग वाजायची कामून थांबली?"

आम्ही ते कसं ऐकलं हे तिला कळेना. मग म्हणाली, "मी धरली होती. श्वास जायला लागला तवा डाव्या मुठीत धरली. तू लहानपणी शिकवलं तशी. मग उजव्या हातातला फोन सुटला."

बायको रडायला लागली. सकाळपासून आवरून ठेवलेलं सगळं एकदम आलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो रिकामा डावाच हात होता.

मुलगी म्हणाली, "अप्पा, तुमी म्हणला होता तिथंच उभी होते मी. डाव्या बॉक्सपुढं. बेस चांगला आला का?"

तिनं ते काही मनात ठेवून विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मार खाऊन, फोन फोडून, तिला माझं रेकॉर्डिंग नासलं तर नाही ना याची काळजी होती. मी म्हणालो, "लय चांगला आलाय." त्या जागेबद्दल मी तिची माफी मागायला हवी होती. ती मी आजतागायत मागितलेली नाही, म्हणून इथं लिहितोय.

बायको डोळे पुसत फोनच्या जवळ वाकली. "सुट्टीला आलीस की पहिलं सोनाराकडं जाऊ. ते झाकण घट्ट करून घेऊ."

मी तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"झाकणाला हात लावायचा न्हाई," मी म्हणालो. "वाजू दे."